टबात न मावलेली जलपर्णी

जलपर्णीची बादली घेऊन सून फाटकाकडे निघाली, तशा सासूबाई आडव्या आल्या.

“कुठे चाललीस?”

“टबात मावत नाहीये, आई. मागच्या तळ्यात सोडून येते. जीव आहे त्यात, कचऱ्यात कशी टाकू?”

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मोठ्या तळ्यात त्या पोहायला शिकल्या, तिथेही कुणीतरी अशीच दया दाखवली होती. चार वर्षांत जांभळ्या फुलांखाली पाणी दिसेनासं झालं, मासे गुदमरून मेले. आता पोहण्याजोगं हे मागचं एवढंच तळं उरलं होतं.

“आणि तळ्यातले मासे काय दगडाचे आहेत?”

“अहो, एवढ्याशा रोपांनी काय होतंय?”

“दोनच आणली होतीस ना हौसेने? टब पुरला का तुला?”

सासूबाईंनी बादली हिसकावली आणि अंगणातल्या तापलेल्या फरशीवर पालथी केली. मग खुर्ची ओढून तिथेच ठाण मांडलं.

“आई, आत चला. ऊन लागेल.”

“लागू दे! यातलं शेवटचं मूळ वाळल्याशिवाय मी इथून हलायची नाही.”