मूठ वर आहे तोवर

पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे चहा कधी मागितला नाही. मागायची वेळच मी येऊ दिली नाही. पहिल्या पाळीहून घरी आले की चपला काढेपर्यंत कप समोर असायचा. आणि आता ती स्वप्नाली मॅडम मला सांगते, काकू, त्यांच्याकडून 'चहा' म्हणवून घ्या. माणसाने जन्मात जो शब्द मागण्यासाठी वापरला नाही, तो आजारपणात कुठून आणायचा?

पण माझं कोण ऐकतंय. फेब्रुवारीत ह्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. बातम्या लावून बसतात, भाजीत मीठ कमी पडलं की तोंड वाकडं करतात. बोलायला गेले की मात्र 'अं... अं...' आणि पुढे गाडी हलत नाही. पहिले सहा महिने महत्त्वाचे, असं डॉक्टर म्हणाले आणि वाचा सुधारण्यासाठी चिंचवडच्या ह्या स्वप्नाली मॅडमकडे पाठवलं. चार महिने झाले, आठवड्यातून दोनदा कासारवाडीहून रिक्षा करतेय. हाती काय, तर तेच 'अं'.

क्लिनिक मुळात लहान मुलांचं. बुटक्या खुर्च्या, भिंतीवर हत्ती आणि जिराफ. बत्तीस वर्षं भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबलेल्या माणसाला तिथे सफरचंदाचं चित्र दाखवून विचारायचं, 'दौलतराव, हे काय?' पहिल्या दिवशी ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला भिंतीत शिरावंसं वाटलं. आमच्या नंतरच्या वेळेला गणराज नावाचं चार वर्षांचं पोर येतं. आलं तेव्हा तेही मुकंच होतं. गेल्या महिन्यात ते 'पाणी' म्हणालं आणि त्याच्या आईने सगळ्यांना पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि अभिनंदन केलं. चार वर्षांच्या पोराचा हेवा करण्याइतकी मी खाली आले होते.

मॅडमचे नियम दोन. नुसतं बोट दाखवलं तर कप द्यायचा नाही, तोंडातून काहीतरी आवाज निघू द्यायचा. आणि प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहा मोजायचे. तोवर तोंड उघडायचं नाही. ह्यांनी नव्हे, मी! एकदा तिच्यासमोर मी प्रश्न विचारला आणि लगेच 'म्हणा की, च... चहा' सुरू केलं, तर ती म्हणाली, "काकू, तुम्ही चारवरच आलात." दुसऱ्यांदाही चारच. तिसऱ्यांदा तिने मला गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून मी बाकावरच.

दहा मोजायला काय जातं, असं वाटेल कुणालाही. समोर आपलाच माणूस घशात काहीतरी अडकल्यासारखा धडपडत असतो, कपाळावर घाम येतो, ओठ नुसते हलतात. त्या वेळी चारच्या पुढचे आकडे कुठे जातात कोण जाणे.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. घरी मी 'च... चहा' सुरू केलं की हे डावी मूठ आवळायचे आणि ती वर उगारायचे. थेट माझ्यासमोर. पस्तीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यावर हात उगारणं सोडा, ताटसुद्धा आपटलं नव्हतं. पहिल्यांदा मूठ वर गेली तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. मग रोजच व्हायला लागलं. मी कप टेबलावर आदळायचे आणि आत जाऊन उभी राहायचे. एकदा आडून आडून मॅडमला विचारलं, इथे चिडतात का हो? ती म्हणाली, "छे, इथे अगदी शांत असतात." म्हणजे राग जगावर नव्हता. माझ्यावरच होता.

त्यातच औशाहून रंभावन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण. दोन दिवस त्यांनी आमचा चहाचा कार्यक्रम पाहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा बांध फुटला.

"काय करलालीस गं हे? माझ्या भावाला एक कप चहासाठी रडवलालीस?"

"वन्सं, मॅडमनी सांगितलंय तसं."

"खड्ड्यात गेली तुझी मॅडम. मी घेऊन जाते त्याला गावाकडं. बोलला काय, न बोलला काय, पोटभर खाईल तरी."

औशाला वाचा सुधारणारं कोण बसलंय? गेले की हे कायमचे मुके होणार, हे मला कळत होतं. आणि मी म्हणाले, "न्या." दोनच महिने उरलेत, हे तोंडातून निघालं नाही. डोळ्यांसमोर ती मूठच येत होती. माझ्यापेक्षा बहिणीकडे सुखात राहतील, असं वाटलं. सोमवारची एसटी ठरली. ह्यांनी सगळं ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

रविवारी चारला ज्योतीरामभावजी निरोप द्यायला आले. भावजी चाकणजवळच्या गावातले, ह्यांच्यासोबत एकाच प्रेसवर बत्तीस वर्षं काढलेले. आवाजाने कान गेलेत, म्हणून घरातही प्रेस चालू असल्यासारखे ओरडून बोलतात.

"काय राव दौलतराव, चाललात व्हय? आमाला कोण हाय मग?"

मी चहा केला. चार कप भरले. माझा ओट्यावरच ठेवला, मी नेहमी मागाहून पिते. वन्संना आणि भावजींना दिला आणि ह्यांचा कप हातात धरून उभी राहिले. शेवटचा दिवस आहे, आज तरी सरळ द्यावा, असं मनात आलं. पण चार महिन्यांची सवय.

"अहो, काय पाहिजे?"

एक, दोन, तीन, चार. ओठ हलले, घाम आला.

"म्हणा की हो. च... च..."

मूठ वर गेली.

"अगं बया!" वन्सं ओरडल्या. "मारतो की काय हा!"

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. झाकलेलं सगळं चारचौघांत उघडं पडलं होतं. कप ठेवून आत पळणार, तेवढ्यात भावजी गरजले, "वहिनी, थांबा! हलू नका!"

मी वळून पाहिलं. भावजींचा उजवा पाय जमिनीवरून वर उचलला गेला होता. खुर्चीत बसल्या बसल्या, अधांतरी. त्यांनाही ते माहीत नसावं.

"मारत न्हाई तो," ते म्हणाले. "अवो, ही आमची प्रेसवरची खूण हाय. तिथं आवाजात काय ऐकू येतंय? हा उजवा हात आत घालून पत्रा काढायचा, आन् डावी मूठ वर धरायचा. मूठ वर म्हंजी हात आत हाय. मूठ उघडली की मी पेडल दाबायचो, आन् प्रेस खाली यायची. मूठ वर हाय तोवर पाय ठेवायचा न्हाई. बत्तीस वर्सांत एकदा बी ठेवला न्हाई म्या."

ह्यांच्याकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर मेलेला, डावी मूठ वर, आणि डोळ्यांत पाणी. मान हलवत होते. हो, हो.

माझी मलाच चीड आली. चार महिने हा माणूस मला सांगत होता, थांब, मी अजून आत आहे. आणि मी रोज पेडल दाबत होते. क्लिनिकमध्ये मूठ का वर जायची नाही तेही कळलं. तिथे मॅडम दहा मोजत होती.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "थांबले हो," म्हटलं. "काय पाहिजे, सांगा. मी काही बोलत नाही."

मूठ वरच होती. पाच, सहा, सात. ओठ जुळले, सुटले. दहा झाले. अकरा, बारा. चहावर साय धरली. वन्संना राहवेना. "अगं दे की तो क..." त्यांनी तोंड उघडलं आणि मी त्यांच्यावर मूठ उगारली. भावजींचा पाय अजून वरच होता.

किती मोजले, पुढे मला ठाऊक नाही. ह्यांची बोटं एकेक करून सुटली. मूठ उघडली.

"तु... तुझा?"

चहा नव्हेच. आम्ही चार महिने एका भलत्याच शब्दाच्या मागे लागलो होतो. कामावरून आल्यावर कप हातात घेतला की हे रोज एवढंच विचारायचे, 'तुझा?' आणि मी रोज एकच उत्तर द्यायचे, 'पिते नंतर.' पस्तीस वर्षं. त्यांचा शब्द तोच होता आणि तो मला आठवलासुद्धा नाही.

रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते सांगता येणार नाही. उठले आणि म्हणाले, "वन्सं, उद्या तुम्ही एकट्याच जा."

'पिते नंतर' जिभेवर आलं होतं. गिळलं. ओट्यावरचा माझा कप आणला आणि ह्यांच्याशेजारी बसून प्यायले. चहा गार झाला होता.