नळीची पाळी

"पाणी घाल."
"आजून? ह्याला रस्सा म्हणायचं का कळंब्याचा तलाव?"

घराबाहेरच्या भिंतीला एक खिळा. खिळ्याला पितळी वगराळं, रस्सा वाढायचं.

किलोभर मटणात आत गर भरलेली धड नळी एकच येते.

सायकलचा पंप.

अण्णाप्पाच्या घरात सात पिढ्यांत कुणी मटण खाल्लेलं नाही.

त्र्याण्णव सालापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच जण सायकली हाणत कळंब्याला जायचो. उद्यमनगरात एकाच कारखान्यात होतो. पिराजी आणि केरबा मोल्डिंगला, बाळासो आणि मी लेथवर, अण्णाप्पा स्टोअरला. सिनेमाही परवडला असता, पण सिनेमात बोलता येत नाही. म्हणून रस्सा मंडळ. भाकरी ज्याची त्यानं घरनं आणायची, ताटलीसुद्धा. मटण आणि चटणी वर्गणीतनं. तीन दगड, काठावरचं जळण. फोडी मोजून, रस्सा मागेल तेवढा. पाणी तलावाचं.

सुरुवातीला भांडणं व्हायची. पिराजी वाढायला बसला की फोडी त्याच्याच ताटलीकडं वळायच्या. केरबा बसला की नळी नाहीशी व्हायची. शेवटी बाळासो म्हणाला, "जो खात न्हाय त्याच्या हातात द्या की वाढप."

अण्णाप्पानं घरनं वगराळं आणलं. त्याच्या बायकोनं, शिवलीलावहिनींनी दिलं, पण बजावून. "न्या. पर माघारी घरात आणायचं न्हाय." तेव्हापासून ते वगराळं बाहेरच्या खिळ्याला. रश्श्याच्या रविवारी तो तलावाकाठी ते राखेनं घासायचा आणि घरी आला की तिथं अडकवायचा.

"नळी कुणाला?" पिराजी ताटली पुढं करून विचारायचा.

"केरबाला."

"गेल्या खेपेला त्यालाच हुती की."

"गेल्या खेपेला बाळासोला. त्याच्या आदल्या खेपेला तुला. हाड फोडायला दगड हुडकत बसलातास."

पिराजीची पुन्हा ताटली पुढं. "बरं, आजून येक फोड?"

"साक."

साक म्हणजे पुरे. अण्णाप्पा नेसरीकडचा, घरात कानडी. त्याच्या 'साक'वर अपील नव्हतं. स्टोअरच्या खिडकीत नट-वायसर मागायला गेलं तरी तो असाच, मोजून तेवढे.

सगळ्यांना वाढून झालं की तो आमच्यातच मांडी घालायचा, फडकं सोडायचा. भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी.

"वास तरी घे की," केरबा म्हणायचा.

"तुमाला फोडी, मला वास. वाटणी बरोबर हाय."

मग पिराजी मुकादमाची नक्कल करायचा. बाळासो आपल्या न झालेल्या लग्नांच्या गोष्टी सांगायचा, दर महिन्याला त्यातली मुलगी थोडी गोरी व्हायची. दिवस तलावात उतरेपर्यंत आम्ही उठायचो नाही.

दोन हजार पाचला बाळासोनं स्वतःचं वर्कशॉप काढलं, जुनी व्हॅन घेतली. "आता कोण धुरात डोळं घालतंय," तो म्हणाला. "हायवेला झकास ढाबा झालाय. गाडीतनं जाऊ."

अण्णाप्पाला सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी स्टोअरच्या खिडकीत गेलो.

"ह्या खेपेला ढाब्यावर ठरलंय."

"बरं."

"तिथं वाढायला वेटर हाय. तुला उगंच तरास कशाला, म्हटलं."

तो ड्रिल कागदात गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "व्हय की."

मला खरंच वाटलं, मी त्याची एक खेप वाचवली.

ढाब्यावर वेटरनं चार वाट्या आणल्या. प्रत्येकीत तीन फोडी. साच्यातनं काढल्यासारख्या. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. नळी कुणातच नव्हती. पिराजीनं केरबाच्या वाटीत बघितलं, केरबानं त्याच्या. भांडायला काही मिळालं नाही. रस्सा परत मागवावा तर त्याची वेगळी प्लेट. बाळासो म्हणाला, "चव चांगली हाय." आम्ही म्हणालो, हाय. पाऊण तासात बडीशेप चघळत बाहेर आलो. ऊन अजून डोक्यावर होतं.

मी कोपऱ्यावर उतरलो आणि पाय आपोआप अण्णाप्पाच्या घराकडं वळले. संध्याकाळ झाली होती, कारण मध्ये मी बराच वेळ पानपट्टीजवळ उभा होतो. तो पायरीवर बसून सायकलच्या चाकातला चिखल काढत होता. तांबडा, तलावाकाठचा.

"जेवलासा?" मी शेजारी टेकल्यावर त्यानं विचारलं.

"जेवलो की."

"नळी कुणाला पडली?"

"केरबाला," मी ठोकून दिलं.

त्याचा हात थांबला. "न्हाय. ह्या खेपेला पिराजीची हुती."

"व्हय? मग चुकलं आमचं."

"त्याला सांग. पुढच्या खेपेला तुझी धरलीया म्हणावं."

"सांगतो."

आतनं वहिनींनी चहाला हाक मारली. मी उठलो तर डोकं खिळ्याला लागता लागता राहिलं. वगराळं ओलं होतं. दांड्याला ओली राख चिकटली होती.

पहिल्या रश्श्याला अण्णाप्पाला कुणी बोलावलं नव्हतं. तो माझा सायकलचा पंप परत द्यायला तलावापर्यंत आला होता.