लायटरमधला दुर्मिळ खडा

मी लायटरमधला खडा बोलतोय. तांदळाच्या दाण्याहून थोडा जाड, रंगाने करडा. मला पाहून कुणी नाक मुरडलं तरी चालतं. दातेरी चाक अंगावर घासलं की माझी ठिणगी पाहायला सगळे वाकतातच.

माझं मूळ केरळच्या समुद्रकाठच्या वाळूत. तिच्यातले सेरियम, लँथेनम असे धातू काढून, त्यात थोडं लोखंड मिसळून मला घडवलं. आमच्या घराण्याला 'दुर्मिळ मृदा' म्हणतात, आणि या नावानेच माझा घात केला.

अठ्ठ्याहत्तर साली रोहणा गावच्या महादेवरावांनी मला लायटरसकट नागपुरातून आणलं. सुरुवातीला ते गावभर लोकांच्या बिड्या पेटवत हिंडले. मी मजेत होतो. मग त्यांची लेक कोकिळा वर्ध्याच्या कॉलेजातून सुट्टीवर आली. या खड्यात दुर्मिळ मृदा असते, एवढं तिने सांगितलं आणि महादेवरावांनी पुढचं ऐकलंच नाही. दुर्मिळ वस्तू बिडीपायी झिजवायची? त्यांनी मला रुमालात बांधून पेटीत ठेवलं. पाहुणा आला की दाखवायचे, पण चाकाला बोट लावू द्यायचे नाहीत. मान भरपूर होता, जीव मात्र चडफडत होता.

हिवाळ्यात कोकिळाचं लग्न आष्टीला ठरलं. व्याही पुंडलिकराव पहिल्यांदाच शेतावर रोडगे खायला आले. कणकेचे गोळे तयार, गोवऱ्या रचलेल्या, पण आगपेटी भिजलेली. येताना नाल्यात बैलबंडी कलंडली होती. गाव लांब, आणि व्याह्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. कोकिळाची आई रुख्माबाई, तिने महादेवरावांकडे रोखून पाहिलं. मी त्यांच्याच खिशात होतो, व्याह्यांना दाखवायला आणलेला.

"संपला तर पुन्हा भेटन का?" महादेवराव पुटपुटले.

होणाऱ्या सासऱ्यांसमोर खाली मान घालून बसलेली कोकिळा बोलली, "बाबा, दुर्मिळ म्हणजे थोडं नाई. जमिनीत हे तांब्याइतकंच हाय. पण इखुरलेलं, एकमेकात मिसळलेलं. येगळं कराले लय कठीण, म्हणून तसं नाव पडलं."

मृदा काऊन म्हणतात, असं पुंडलिकरावांनी विचारलं. धातूच्या भस्माला जुने रसायनवाले मातीच म्हणत, हेही तिने सांगितलं. मग वडिलांकडे वळली.

"झिजाले तर बनवला त्याले, बाबा."

महादेवरावांनी चाक फिरवलं. लायटरमधलं पेट्रोल पेटीत पडून पडून कधीच उडून गेलं होतं. ज्योत कुठली येणार? ठिणग्या मात्र माझ्या घरच्या होत्या. कोकिळाने पऱ्हाटीच्या बोंडातला कापूस तोडला, बोटांनी पिंजला आणि गोवरीवर ठेवला. मी सगळं बळ एकवटून झिजलो. कापूस भक्कन पेटला! त्या दिवशी व्याह्यांनी रोडगा मागून मागून खाल्ला.

पुढे लायटरमध्ये पुन्हा पेट्रोल आलं आणि मी पेटी पाहिली नाही. चूल, बिडी, होळी, सगळं मीच पेटवलं. आता मोहरीएवढा उरलोय. काल महादेवराव आर्वीच्या पानठेल्यावर नवा खडा मागायला गेले, तर ठेलेवाल्याने खड्यांची अख्खी पट्टीच पुढे टाकली. महादेवराव इतके हसले की तोंडातलं पान पडलं.

आज कोकिळाचं लग्न आहे. मांडवात गॅसबत्ती लावायचीय. तिच्या जाळीतही माझं भावंड, सेरियम, बसलंय. माझ्यासाठी हळहळू नका. फक्त चांगली वस्तू रुमालात बांधून ठेवू नका. महादेवरावांचा अंगठा चाकावर आलाच. चला, भावाला उजेडात आणतो.