घंटा वाजेपर्यंत

दूधविनायकाच्या गल्लीत शरदिनीच्या ध्यानाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेली बाई, वर जिभेला धार. आणि ध्यानाचा गुणही आला होता ना! तिच्या भावाची मुलगी हिमानी बॅले नाचायची. हो, बॅलेच, आणि तेही काशीत. बोटांच्या टोकांवर उभं राहून. गेल्या वर्षी बेंगळुरूच्या एका नृत्यमंडळीच्या निवडीत तिचे पाय असे लटपटले, की पोरगी रडतच मंचावरून उतरली. तेव्हापासून आत्याने तिला रोज पहाटे देवघरासमोर बसवलं. श्वास बघायचा, मन भरकटलं की परत आणायचं, आणि आत्याने देवातली घंटा वाजवली की मगच डोळे उघडायचे. चार महिन्यांत लटपट गेली. क्लासच्या रुचीमॅडमनी हात जोडून आत्याला बोलावलं, आणि सगळ्याच मुली शनिवारी तिच्यापुढे डोळे मिटून बसू लागल्या. शरदिनी थेट मंगला गौरीच्या देवळापर्यंत मिरवून आली. का नाही मिरवायचं?

माघात एकदा हिमानीने मध्येच डोळे उघडले. "आत्या, पैर में कुछ हो रहा है. खूप दुखतंय."

"दुखतंय म्हणू नकोस. नाव दिलं की ते मोठं होतं. काहीतरी आहे, एवढंच बघ. घंटा वाजेपर्यंत हलायचं नाही."

पोरगी गुणी. तिने बघितलं. तीन आठवडे नुसतं बघितलं.

एका सकाळी ब्रह्मा घाटावर ती भिंत धरून एकेक पायरी उतरत होती. शरदिनीला ते दिसलं. पावलावरची सूजही दिसली. त्याच मंडळीची यंदाची निवड बारा दिवसांवर आली होती. एवढी होऊन जाऊ दे, मग दाखवू डॉक्टरला, असं तिने मनाशी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी घंटा जरा उशिराच वाजवली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

निवडीला चार दिवस उरले असताना सरावात उडी मारून हिमानी खाली आली, ती परत उठलीच नाही. कट्कन आवाज आला, रुचीमॅडम सांगत होत्या, पण पोरीच्या तोंडून हूं नाही की चूं नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी पाऊल दाबलं. "कितना दर्द है?"

"कुछ है," हिमानी शांतपणे म्हणाली. "आता है, जाता है."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग एक्स-रे बघून त्यांनी शरदिनीला बाजूला घेतलं. आधी नुसती बारीक चीर असणार, तेव्हाच आणली असती तर प्लास्टरवर भागलं असतं. आता हाड आरपार मोडलंय. ऑपरेशन करू, चालेल ती. नाचणं विसरा.

मी केलं हे. मेली मीच शहाणी! शरदिनी धावत खाटेपाशी गेली.

"हिमू, अगं ओरड! रड! मला शिव्या घाल! दुखतंय म्हण गं एकदा!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. हिमानी पाठ ताठ करून बसली होती. हात मांडीवर, डोळे मिटलेले, श्वास एकसारखा. पापण्यांखालून पाणी गळत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "आता वाजव ना घंटा."

घंटा घरी देवघरात होती.