साडेबाराची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. वर्गातला नव्हे, फाटकाजवळचा. हडपसरच्या एका छोट्या प्राथमिक शाळेत, फाटकातून आत आलात की डाव्या हाताला, पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला डोकं टेकून मी उभा असतो. वर्गातल्या फळ्यांवर मुलांसाठी लिहितात. माझ्यावर घरच्यांसाठी लिहायचे. उद्या सुट्टी आहे का, सहल किती वाजता परतणार, कुणाच्या वर्गात गोवराची साथ आहे, हे सगळं आया आणि आजोबा फाटकाच्या गजांमधून माझ्यावर वाचायचे.

फळा पुसला की कोरा होतो, असं तुम्हाला वाटतं ना? तसं नसतं. खडू जातो, अक्षरांची सावली राहते. हवा जराशी दमट झाली की त्या सावल्या माझ्या काळ्या अंगावर एकेक करून वर येतात. शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावं येतात, कधीच्या होऊन गेलेल्या सुट्ट्या येतात. त्यांची मला भीती वाटत नाही, ती माझी माणसं आहेत. मला भीती वाटते ती एकाच ओळीची.

पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

इथल्या कारखान्यांत मोठमोठी यंत्रं लाकडी खोक्यांतून येत. अशाच एका खोक्याच्या प्लायवूडपासून वैजनाथ मिस्त्रींनी मला बनवलं. माझ्या पाठीवर अजून एक लाल बाण छापलेला आहे आणि 'ही बाजू वर' असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला नेमकं उलटं ठोकलं. म्हणजे मी जन्मापासून डोक्यावर उभा आहे. पाठ भिंतीकडे असल्यामुळे माझी लाज राखली गेली, इतकंच. माझी खालची कड भिंतीपासून हातभर पुढे जमिनीला टेकते आणि वरची भिंतीला. त्यामुळे माझ्या मागे एक तिकोनी पोकळी आहे, एखादं लहान मूल बसेल एवढी. लपाछपी खेळताना मुलांना ती ठाऊक असते. मोठी झाली की विसरतात.

माझे चांगले दिवस शालनबाईंचे. बाई सदाशिव पेठेतून रोज बसने यायच्या, पर्स ठेवायच्या आधी खडू हातात घ्यायच्या. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ सुरीसारखी. 'नखं घरी कापावीत. शाळेत सलून नाही.' 'डब्यात रोज बिस्किटं देणाऱ्या पालकांनी एकदा अकरा वाजता येऊन आपल्या मुलाचं तोंड पाहावं.' लोक वाचून चिडायचे, हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी द्यायचे.

सूचनेच्या खाली मात्र बाई रोज एक वेगळी ओळ लिहायच्या. दिवसभरात शाळेत काय झालं, त्यातलं एक. 'पहिलीतला आनंद आज न रडता आत गेला.' 'तिसरीच्या मुलींनी खिडकीतल्या कबुतराला जागा करून दिली. वर्ग आता कबुतराचा आहे.' बस्स, एवढंच. पण ही ओळ वाचायला दुपारी फाटकाशी गर्दी व्हायची. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना दुसरं कुणीतरी वाचून दाखवायचं. आनंदच्या आजीने त्या दिवशी गजांतून हात आत घालून नातवाच्या नावाला बोट लावलं, ते बोट कपाळाला लावलं, आणि कपाळावर खडूचा पांढरा ठिपका घेऊन ती घरी गेली. आपल्या डोळ्यांआड आपलं लेकरू कसं होतं, हे कुणीतरी सांगावं, एवढीच तर घरच्यांची भूक असते.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी अभिनव सर आले. सर वाईट नाहीत हो. तरुण, उत्साही, मुलांना खांद्यावर घेणारे. त्यांनी पालकांचा मोबाईलवर ग्रुप केला. फोटो, गाण्यांचे व्हिडिओ, सूचना, सगळं तिथे. जून महिन्यात, शाळा सुरू झाली त्या दिवशी, त्यांनी माझ्यावर एक ओळ लिहिली: 'शाळा दुपारी साडेबाराला सुटेल.' त्यानंतर त्यांनी माझ्याकडचा खडू उचलला नाही. ओळ रोज खरी होती, म्हणून कुणी पुसलीही नाही.

ती ओळ रोज वाचणारी एकच व्यक्ती उरली होती: दुसरीतली निकिता.

निकिताची आई रुपाली मूळची वाशिमकडची. मगरपट्ट्यात दोन घरी स्वयंपाक करून बरोबर साडेबाराला लेकीला घ्यायला यायची. वडील कारखान्यात. घरात मोबाईल एकच, तो वडिलांकडे. आणि कारखान्यात आत जाताना मोबाईल कपाटात ठेवून जावं लागतं. ग्रुपवर वडिलांचा नंबर होता, त्यामुळे शाळेच्या हिशेबी त्या घराला सगळं कळत होतं. निकिता वाचायला शिकली ती माझ्यावर. रोज सकाळी बोट टेकवून वाचायची, "शा-ळा दु-पा-री..." आणि शेवटी आईला विचारायची, "आई, येशील ना?"

"फळ्यावर काय लिहिलं?"

"साडेबारा."

"मग साडेबाराला येतो. फळ्यावर लिहिलं म्हणजे लिहिलं. तोवर हलायचं नाही."

ऑक्टोबरातला गुरुवार होता. पुण्याला गुरुवारचं पाणी बंद असणं काही नवीन नाही, पण आदल्या दिवशी टाकीचा नळ चालू राहिला होता आणि सकाळी शाळेत थेंब नव्हता. मुलांना ठेवायचं कसं? आठ वाजता अभिनव सरांनी ग्रुपवर टाकलं: 'पाणी नसल्यामुळे शाळा आज दहाला सुटेल. मुलांना घेऊन जावे.'

"सगळ्यांना कळलं का, सर?" शिपाई सीताराममामांनी विचारलं.

"हो, भराभर अंगठे येतायत बघा."

"मग फळ्यावर नको लिवायला?"

"अहो मामा, आता बाहेर कोण उभंय वाचायला?"

मामा मला पाठ टेकून उभे होते. मी असतो तिथेच होतो.

दहाला एकच धांदल उडाली. रिक्षा, स्कूटर, हाका. निकिताच्या वस्तीतल्या दुर्गाबाई आपल्या दोन नातवंडांना न्यायला आल्या. सरांनी त्यांना पाहिलं आणि मनाशी धरलं, निकिता यांच्याबरोबर जाईल, नेहमीच्या शेजारीण आहेत. दुर्गाबाईंनी मनाशी धरलं, तिला आई नेते, आई आली असेल. दोन भल्या माणसांच्या मधून एक मूल निसटलं ते असं.

निकिता माझ्यासमोर आली. बोट टेकवून वाचलं. साडेबारा. मग तिने फाटकाकडे जाणाऱ्या मामांकडे पाहिलं, आपल्याला बाहेर काढतील असं तिला वाटलं असावं, आणि दप्तर छातीशी धरून ती माझ्या मागे शिरली.

फाटकाला कुलूप लागलं. सर गेले. मामा मागच्या खोलीत आडवे झाले.

मित्रांनो, त्या अडीच तासांतलं मी काय सांगू? तिने माझ्या पाठीवरच्या बाणावरून बोट फिरवलं. बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायली. बोटांवर काहीतरी मोजत बसली. ऊन चढत गेलं तसं तिने कपाळ माझ्या लाकडाला टेकवलं, आणि मला कळलं, त्या कपाळाला ताप होता. मग श्वास जड झाला. ती झोपली.

साडेबाराला फाटकाशी रुपाली उभी राहिली. आत सामसूम. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं, आणि कुलूप गजांवर आपटायला सुरुवात केली.

"शाळा दहालाच सुटली की, ताई," मामा डोळे चोळत आले. "तुमची पोरगी दुर्गाबाईंनी नेली असंल."

"दुर्गाबाई मला आत्ताच वाटेत दिसल्या. त्यांच्यासंग नाही." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मामा, माही पोरगी कुठं हाये?"

मामांनी वर्ग उघडले, संडास पाहिले, बाकांखाली वाकून पाहिलं. रुपाली लांबच्या वर्गांतून हाका मारत होती. त्या रिकाम्या वर्गांतून तिचाच आवाज तिच्याकडे परत येत होता. माझ्यासमोरून ती चार वेळा धावत गेली. फळ्याकडे सगळे बघतात. फळ्याच्या मागे कोण बघणार? मी सांगायला जन्मलो होतो. शेकडो घरांना मी शेकडो गोष्टी सांगितल्या होत्या. आणि आज सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती माझ्या पाठीला चिकटून तापाने फणफणत होती, आणि मला तोंड नव्हतं. माझ्या तोंडावर दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावरचा चहावाला म्हणाला, "शाळेच्या कपड्यातली एक बारकी पोरगी कालव्याच्या कडंनं चालली होती बघा."

झालं. सगळे कालव्याकडे पळाले. खडकवासल्याहून येणारा तो कालवा इथून दूर नाही. नळाला थेंब नव्हता, कालवा मात्र काठोकाठ वाहत होता. मामांचा फोन जाताच अभिनव सर घरून मोटरसायकलने आले, तेही तिकडेच गेले. मला दिसत काहीच नव्हतं. वाऱ्याबरोबर फक्त हाका यायच्या. निकिता... निकिता... मग हाकाही थांबल्या. त्या शांततेची आठवण मला अजून नको वाटते. कालव्याच्या कडेला एक लहान चप्पल सापडली होती, असं मला नंतर समजलं. ती तिची नव्हती. पण ती तिची नाही हे ओळखायला रुपालीला ती हातात घ्यावी लागली.

दोनच्या सुमारास ती एकटीच परतली. अनवाणी होती. सर तिच्या मागे काही अंतरावर चालत होते, आपली सावलीही तिच्यावर पडू नये असे. ती थेट माझ्यासमोर येऊन थांबली.

"हे कोणी लिवलं?"

"मीच," सर म्हणाले. "ताई, ग्रुपवर आम्ही सकाळी..."

"तुमचा ग्रुप मी पाहिला नाही, सर. मी हे पाहिलं. माह्या पोरीनं हे पाहिलं."

तिने तळहात माझ्यावर ठेवला आणि ती ओळ पुसायला लागली. चार महिन्यांचा खडू, तो सहज कसा जाणार? ती जोर करू लागली. मग मुठीने मारू लागली. मी मुळापासून हादरलो, माझी वरची कड भिंतीवर धाडधाड आपटली. मार, पोरी, आणखी मार, असं माझं सगळं लाकूड म्हणत होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्या एका क्षणी मोठ्याने बोललो.

मागून एक घोगरा, झोपाळलेला आवाज आला. "आई, पुसू नको ना. वाजले का साडेबारा?"

त्यानंतर रुपाली ज्या आवाजात रडली, तो मी लिहू शकत नाही, कुणी माझ्यावर लिहूही शकणार नाही. सर पायरीवर बसले. हातातला मोबाईल त्यांनी बाजूला पालथा ठेवला.

निकिताचा ताप दोन दिवसांत उतरला. शाळेत आता कोणतं मूल कुणाबरोबर गेलं याची वही आहे, आणि घरचं माणूस दिसल्याशिवाय मामा कुणाला सोडत नाहीत. अभिनव सर सकाळी आधी माझ्याकडे येतात, मग मोबाईल काढतात. मला दोनदा काळा रंग दिला. तरी ढगाळ दिवशी ती ओळ रंगाखालून वर येते, आणि तिच्यावर आडवेतिडवे, एका आईच्या बोटांचे फरकाटे.

रोज सकाळी निकिता माझ्यासमोर थांबते. आता ती अडखळत नाही, सरळ वाचते. पण वाचताना बोट टेकवत नाही. आईकडे मान वर करून विचारते, "आई, हे खरं आहे का?"

रुपाली पूर्वीसारखं "लिहिलं म्हणजे लिहिलं" म्हणत नाही. "थांब," म्हणते, आत जाते, सरांना विचारते, आणि परत येऊन सांगते. तोवर ती सात वर्षांची पोर माझ्याकडे बघत उभी असते. मित्रांनो, त्या नजरेसमोर मला लपायला माझा काळा रंगही पुरत नाही.

मला नवा रंग नको, नवी चौकट नको. तुमच्या शाळेत, सोसायटीत, दवाखान्यात माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याच्याशी एवढंच करा. येता-जाता त्याच्यावरचं वाचा, आणि जे खरं राहिलं नसेल ते लगेच पुसा. लिहायला वेळ नसेल तरी चालेल, पुसायला तुमचा हात पुरे. कोऱ्या फळ्यासमोर मूल थांबून राहत नाही. ते आत जाऊन कुणालातरी विचारतं.