मिश्र घर

मेरिडिथने सुपाची बरणी ओरेनच्या पुढे आलेल्या हातात दिली नाही. वाकून पायरीवर ठेवली. झाकणावर पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'फक्त कोरासाठी'.

"एका माणसापुरतंच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला समजलं असेलच."

ओरेनला समजलं नव्हतं. गेले सहा आठवडे आमच्या बीचवुड लेनवरच्या बायका पाळीपाळीने डबे आणून देत होत्या. त्याच्या बायकोचा, कोराचा कर्करोग आता औषधांना दाद देत नव्हता, म्हणून घरोघरी वार वाटून घेतले होते. मंगळवारी मसुराचं सूप, गुरुवारी चीज घातलेली मॅकरोनी. आमच्या गल्लीतल्या लोकांची मनं फार मोठी आहेत. अंगणात 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे' अशा पाट्याही लावलेल्या असतात.

"डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचाराला मी दारोदार फिरते, माहीत आहे ना?" मेरिडिथ म्हणाली. "फोनवर मतदारांची यादी असते, कोणाची नोंद कुठल्या पक्षात आहे त्यासकट. तुमच्या घरापुढे 'मिश्र' असं आलं. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन."

दोघांपैकी कोण कुठल्या पक्षाचं, हे कळायला यादीवर आणखी एकदा बोट टेकवलं असतं तरी पुरे होतं. पण तिला त्याची गरज वाटली नाही. कोरा याच बायकांबरोबर चर्चमध्ये बावीस वर्षं गात होती, शाळेतल्या मुलांना पियानो शिकवत होती, मोर्चाला जाणाऱ्यांसाठी पाव भाजून देत होती. ओरेनकडे जुनी पिकअप होती, दोन बंदुका होत्या आणि थंडी पडली की तो हरणांच्या मागे रानात जायचा. आता यात रिपब्लिकन कोण, हे शोधायचं काय?

"चाळीस वर्षं त्या बिचारीने तुमच्याबरोबर कशी काढली, देव जाणे," ती म्हणाली. आवाज मात्र लोण्यासारखा मऊ. "बोला ना. निदान नाही तरी म्हणा."

"एक मिनिट," ओरेन म्हणाला आणि दार लोटून आत गेला.

तो पोलादाच्या कारखान्यात जन्म काढलेला युनियनचा माणूस. तीन संपांत लाठ्या खाल्लेला, बापापासूनचा डेमोक्रॅट. रिपब्लिकन होती ती कोरा. दुकानदाराची मुलगी, आणि वादात नवऱ्याला एकदाही जिंकू न दिलेली. दर निवडणुकीला दोघं एकाच गाडीतून जायची, एकमेकांचं मत खोडायची आणि वाटेत पॅनकेक खाऊन परत यायची. चर्चमध्ये मात्र कोरा राजकारणाचं अवाक्षर काढत नसे. तिला तिथे गायचं होतं.

तिची खाट बाहेरच्या खोलीतच लावलेली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगितलंस?" तिने विचारलं.

"आता सांगतो. चांगलं तोंडावर सांगतो तिच्या."

"नको."

"कोरा, ती बाई मला दारात उभं करून..."

"त्या यायच्या बंद होतील रे." तिने त्याची बाही धरली. पकडीत जोर नव्हता, तरी त्याला ती सोडवेना. "दर रविवारी येतात, गातात. मला तेवढंच उरलंय. तुझी गेंड्याची कातडी, तुला काय फरक पडतो?"

तेवढंच उरलंय, असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. ते त्याला लागलं, मेरिडिथच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त. पण त्याने तिचा हात अलगद पांघरुणाखाली सरकवला आणि तो बाहेर आला.

"मीच तो," तो म्हणाला.

मेरिडिथने समाधानाने मान डोलावली.

"मग एक करा. रविवारी आम्ही येऊ तेव्हा घरात थांबू नका. तुम्ही समोर असलात की आमच्यातल्या काहीजणींना सुरक्षित वाटत नाही."

"किती वेळ?"

"तीन ते पाच."

पहिल्या रविवारी तो औषधांच्या दुकानासमोर गाडीत बसून राहिला. दुसऱ्या रविवारीही तिथेच बसला. तिसऱ्या रविवारी सकाळी नर्सने कोराची नाडी पाहिली आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं की श्वास बदललाय, आज घरातून हलू नका. त्याने मेरिडिथला फोन लावला.

"आज मला घरी राहू द्या. मी स्वयंपाकघरात बसतो. दार लावून घेतो."

"मग आम्ही येत नाही," मेरिडिथ म्हणाली. "आम्ही काही जबरदस्ती करत नाही, ओरेन. काय ते तुम्ही ठरवा."

फोन कानाला तसाच धरून तो खाटेकडे वळला. कोराने डोळे उघडले होते.

"त्या येताहेत ना?" तिने विचारलं.

"येताहेत," तो म्हणाला. त्याने गाडीची किल्ली घेतली.

पाच वाजता तो परतला तेव्हा बायका ओसरीवर घोळका करून उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे लाल झाले होते. मेरिडिथ दोन पायऱ्या उतरून पुढे आली.

"पावणेपाचला गेली. अगदी शांतपणे," ती म्हणाली. "शेवटी तुम्हाला हाका मारत होती. आम्ही सांगितलं, शिकारीला गेलेत."

"मग?"

"मग काही बोलली नाही."

एक वाक्य पुरलं असतं. ते ओरेनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शनिवारी चर्चमध्ये अंत्यविधीला याच बायका तिच्यासाठी गाणार होत्या, आणि त्यांनी गायलाच हवं होतं. त्याने त्यांचे आभार मानले आणि तो आत तिच्याजवळ जाऊन बसला.

शनिवारी चर्च भरून गेलं होतं. ओरेनच्या बाकावर त्याच्याशेजारी कोणी बसलं नाही. मेरिडिथ बोलायला उभी राहिली. कोराचा आवाज, तिचे पाव, तिची शाळेतली मुलं, सगळ्याची आठवण काढून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"आणि आज जाहीरपणे सांगते," ती म्हणाली. "चाळीस वर्षं विरुद्ध मताच्या माणसाबरोबर एका छपराखाली राहूनही आमच्या कोराने आपली मतं कधी सोडली नाहीत."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आता तो खाली बघेल, निदान लाजेल तरी, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

"खरं आहे," ओरेन म्हणाला. "एकदाही नाही सोडली."