अकराव्या मजल्यावरचा जिना

कोतो या जपानी शहरी भागातल्या त्या ऑफिसात मिझुनो-सान व्हीलचेअरवरून यायच्या. त्यांच्यासाठी दारं रुंद केली होती, उंबरे काढले होते, टेबल खाली घेतलं होतं. पाहुणे आले की मॅनेजर हे सगळं कौतुकाने दाखवायचे. जिन्याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. भूकंपात लिफ्ट बंद पडली तर मिझुनो-सानबरोबर एकाने थांबायचं, एवढंच कागदावर होतं, आणि पुढे नंदकिशोरचं नाव. पुण्याहून येऊन त्याला दोन वर्षं झाली होती.

एका दुपारी इमारत हलायला लागली ती थांबेचना. छताचे तुकडे पडले, दिवे गेले. नंदकिशोरने मिझुनो-सानना ढकलत जिन्यापर्यंत आणलं. माणसं भराभर उतरत होती. तेवढ्यात दुसरा हादरा बसला. त्याने खुर्ची कधी सोडली, ते त्यालाही कळलं नाही. भानावर आला तेव्हा तो खाली बागेत होता.

मॅनेजर माणसं मोजत होते. मिझुनो-सान कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं.

"आहे त्यांच्याबरोबर कुणीतरी," नंदकिशोर म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्याने दचकून तो उलटा जिन्याकडे धावला.

अंधारात त्या तिथेच बसल्या होत्या, डोक्यावर हेल्मेट घालून. त्याने धापा टाकत माफी मागितली.

"तुमची पावलं मला पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू आली," त्या म्हणाल्या. "मग आली नाहीत."

आवाजात राग नव्हता. तेच त्याला सोसेना. पुढे कित्येक दिवस जेवताना, ट्रेनमध्ये, मुलीला शाळेत सोडताना त्याला आपलीच उतरती पावलं ऐकू येत राहिली. शेवटी त्याने बायकोला, तेजश्रीला, सगळं सांगितलं. हे मला नाही, ऑफिसात सांगायला हवं, असं ती म्हणाली.

त्याने मॅनेजरना खरं सांगितलं. महिन्याभरात जिन्यावरून माणसाला बसवून उतरवायची खुर्ची आली, चौघांना ती चालवायला शिकवलं. मिझुनो-सानना तळमजल्यावर जागा देऊ केली, पण माझी टीम वर आहे, म्हणून त्यांनी नाकारली. आणि त्या चौघांत नंदकिशोर नको, असंही नम्रपणे कळवलं.

अजूनही जोराचा वारा सुटला की पडद्याच्या दोऱ्या हलतात, आणि नंदकिशोर नकळत उठून मिझुनो-सानच्या मागे जाऊन उभा राहतो. त्या मान वळवत नाहीत, टाइप करत राहतात.

"वारा आहे," त्या म्हणतात. "बसा."

तो लगेच बसत नाही.